वरूडच्या उन्हात बोर्दो २०१६ : परवान्यापासून पहिल्या बाटलीपर्यंत

आमचं गाव वरूड तालुक्यात, अमरावती जिल्ह्याच्या पार टोकाला, संत्र्याच्या पट्ट्यात. इथे राहून फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन घ्यायची, कायद्यात राहून घरी आणायची आणि वीस वर्षं टिकेल अशी ठेवायची, हे काम मी नोव्हेंबर २०२३ मध्ये हाती घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये पहिली बाटली उघडली. मधल्या काळात जी माहिती वाचली ती सगळी थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली होती. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि शेजारचा जिल्हा दारूबंदीचा आहे, अशा ठिकाणी काय करायचं हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून खर्च, तारखा आणि कागदपत्रांसह सगळं इथे मांडतो आहे.

कारण घरगुती होतं. लेक आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. नात ऑक्टोबर २०१६ मध्ये तिकडेच जन्मली. दिवाळीला सगळे गावी आले होते, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, तिकडे मूल जन्मलं की त्याच वर्षाची एखादी पेटी घेऊन ठेवतात आणि ते २१ वर्षांचं झालं की उघडतात. आपलं राहूनच गेलं. पण २०१६ चं साल बोर्दोसाठी फार चांगलं होतं, अजून मिळेल." महाराष्ट्रातही वाइनसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. म्हणजे नात २०३७ मध्ये २१ ची होईल. तोपर्यंत टिकेल अशी वाइन हवी होती आणि तोपर्यंत टिकवेल अशी जागाही.

घरी हा विषय काढणं सोपं नव्हतं. आई माळकरी. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच जिल्ह्यातलं, गावात अजूनही संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, आणि दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरं आमच्या भागात प्रत्येकाने पाहिलेली आहेत. आई म्हणाली, "बापू, दारूपायी बसलेली घरं म्या पायली हायेत. नातीसाठी ठेवतो म्हनतेस तं ठेव, पन देवघरापासून लांब ठेव." बायकोची अट वेगळी होती. "गावात बोभाटा नको, अन् घरात कोनी पेऊन बसलेलं मले चालनार नाही." दोघींचंही म्हणणं मला पटलं आणि पुढचं सगळं त्या दोन अटींत राहूनच केलं. ज्यांच्या घरी आधीच व्यसनाचा त्रास आहे त्यांनी हा उद्योग करू नये, असं मला मनापासून वाटतं. पाच-सहा बाटल्या वर्षानुवर्षं घरात पडून राहतात, हे प्रत्येक घराला झेपेलच असं नाही.

सालाचं महत्त्व मला समजलं ते संत्र्यामुळे. आंबिया बहार घ्यायचा तर झाडाला डिसेंबर-जानेवारीत ताण देतो, पाणी तोडतो, मग पाणी सोडलं की फूल येतं. ताण कमी पडला तर फूल विरळ, जास्त झाला तर झाड खचतं. बोर्दोत द्राक्षाच्या वेलींना पाणी देण्यावर कडक बंधनं आहेत, त्यामुळे तिथे ताण देतं ते आभाळच, आणि म्हणून एका सालाची वाइन दुसऱ्या सालासारखी नसते. २०१६ मध्ये तिथे वर्षाचा पहिला अर्धा भाग धो धो पाऊस झाला, जमीन पोटभर भिजली. जूनच्या मध्यानंतर उघाड पडली ती सप्टेंबरपर्यंत. वेली आता दम सोडतात की काय अशी वेळ आली असताना १३ सप्टेंबरच्या सुमारास पाऊस झाला, आणि पुढे दिवस कोरडे, रात्री थंड. काबर्ने सोव्हिन्यों ही जाड सालीची, उशिरा पिकणारी जात ऑक्टोबरमध्ये सावकाश, घाई न करता तोडता आली. कोरड्या उन्हाळ्यामुळे मणी लहान आणि रसाच्या मानाने मण्याची साल जास्त, म्हणून टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर. थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकलेला. रेड वाइनला वर्षानुवर्षं उभं ठेवतात त्या याच दोन गोष्टी. २००३ सारख्या अतिउष्ण सालात साखर भरपूर आली, पण आंबटपणा पडला, त्यामुळे त्या सालच्या बऱ्याच बाटल्या लवकर थकल्या.

त्या हिवाळ्यात मी सराव म्हणून आपल्याकडच्या रेड चाखल्या. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते, नाशिककडच्या शिराज द्राक्षाच्या दोन-तीन. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, म्हणजे फळ थंडीत वाढून उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतं. या वाइन चांगल्या आहेत, जेवणाबरोबर मला त्या आवडतातही. पण त्या आठ-दहा वर्षांच्या आत प्यायच्या, असं माझं मत झालं. २०३७ पर्यंत जायचं तर दुसरीकडे पाहणं भाग होतं.

निवड केली शातो कांतमेर्लची. बोर्दोजवळच्या ओ-मेदोक भागातली, बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत पाचव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीतली. त्या वर्गवारीत हिचं नाव आधी राहून गेलं होतं आणि नंतर यादीच्या शेवटी जोडलं गेलं. वरच्या श्रेणीतल्या लातूर, मार्गो, मुतों या बाटल्यांचे भाव आमच्यासारख्यांनी विचारूही नयेत. पण चांगल्या सालाचा एक फायदा असा की पाचव्या श्रेणीतली किंवा श्रेणीत नसलेली वाइनसुद्धा त्या सालात वीस वर्षं सहज जाते. चांगलं साल आणि साधं नाव निवडा, हलकं साल आणि मोठं नाव निवडू नका. पैसे बेताचे असतील तर हाच हिशेब बरोबर पडतो.

जानेवारी २०२४ मध्ये परवान्याचं काम केलं. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे अनेकांना माहीतच नसतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. मी आजीवन घेतला, शुल्क १,००० रुपये. आधार, फोटो आणि वयाचा पुरावा लागला. माझा अर्ज फोटोच्या आकारावरून एकदा परत आला, मग सेतू केंद्रातल्या पोराने फोटो लहान करून पुन्हा चढवला आणि काही दिवसांत परवाना आला. त्याची प्रिंट काढून एक प्रत घरी आणि एक गाडीत ठेवली. परवान्याच्या अटींत साठ्याची मर्यादा असते. ती नीट वाचा आणि घरातला साठा तिच्या आतच ठेवा.

खरा अभ्यास झाला तो मे २०२४ मध्ये, जागेचा. वाइन ठेवायला १२ ते १४ अंश तापमान, ६०-७० टक्के आर्द्रता, अंधार आणि स्थिरता लागते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या वाड्याच्या अंगणात आजोबांच्या काळातलं धान्याचं पेव आहे, दोन पुरुष खोल. मला वाटलं, जमिनीखाली गारवा असतो, हेच आपलं तळघर. आधी मोजून पाहावं म्हणून २,००० रुपयांचा तापमान नोंदवणारा छोटा लॉगर घेतला आणि दोरीला बांधून खाली सोडला. पेवात कुणीही उतरू नये. तिथे विषारी वायू साचतो आणि माणसं दगावतात, हे आमच्या भागात जुन्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. आठवड्याने वर काढला तर आकडे २६ ते २७ अंशांमध्ये अगदी सरळ रेषेत. बाहेर ४५, आत २७, आणि रात्र-दिवस फरक नाही.

हा आकडा पाहून बराच वेळ विचार केला, मग उलगडा झाला. जमिनीत थोडं खोल गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं होतं. नागपूर-अमरावतीकडची सरासरी २७ च्या आसपास. बोर्दोची १३-१४. म्हणून तिथलं तळघर फुकटात वाइनला हवं तेवढं थंड राहतं आणि आपलं कितीही खणलं तरी २७ च देतं. इंग्लंडमध्ये विल्टशरला कोर्शमजवळ जुन्या दगडखाणीत, जमिनीखाली खोल, वाइनची मोठी कोठारं आहेत. तिथे गारवा निसर्गच पुरवतो. आपल्याला तो यंत्राने आणावा लागतो. जे कुणी विदर्भात "जुन्या वाड्यात तळघर आहे, तिथे ठेवू" असं म्हणत असतील, त्यांनी आधी महिनाभर लॉगर ठेवून बघावा. २७ अंशांत वाइन नासत नाही, पण भराभर म्हातारी होते. वीस वर्षांचा प्रवास पाच-सहा वर्षांत उरकते, आणि त्यात जो सुगंध सावकाश तयार व्हायचा तो होतच नाही.

मग माजघरात लॉगर ठेवला. मातीच्या, हात-दीड हात जाड भिंती, वर माळवद, एकच छोटी खिडकी. बाहेर ४५ असताना आत कमाल ३४. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की ३०. इथे उत्तर सापडलं : माजघराने उन्हाची धार बोथट करायची आणि उरलेलं काम वाइनच्या फ्रिजने करायचं.

जूनमध्ये पैसे पाठवण्याचं काम. लेकीच्या नावाने लंडनच्या व्यापाऱ्याकडे खातं काढायचं आणि पैसे मी भेट म्हणून पाठवायचे असं ठरलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपले चारशे पौंड म्हणजे त्यात काहीच नाही. पण गावाजवळच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नव्हतं, त्यांनी अमरावतीला पाठवलं. तिथे ए-टू नावाचा अर्ज, पॅन कार्ड, लेकीच्या खात्याचा आयबॅन क्रमांक, बँकेचा स्विफ्ट कोड आणि नात्याचा पुरावा मागितला. लेकीच्या बँकेचा पूर्ण पत्ता नव्हता म्हणून अर्ज अडला, फोनवरून मागवून घेतला. उद्देशाच्या रकान्यात "भेट" लिहिलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, "काका, एवढ्या लांब कशाची भेट?" मी सांगितलं, नातीच्या जन्मवर्षाची. त्यांनी हसून शिक्का मारला. त्या दिवशीच्या दराने साधारण ४३ हजार रुपये आणि वर बँकेचं शुल्क व जीएसटी मिळून हजाराच्या वर. वर्षाची रक्कम तेव्हाच्या सात लाखांच्या मर्यादेत होती, म्हणून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, कापला गेला नाही. आता ती मर्यादा दहा लाख आहे. आयबॅन, स्विफ्ट कोड आणि बँकेचा पत्ता एका कागदावर लिहून नेलात तर चक्कर वाचेल.

जुलै २०२४ मध्ये लेकीने कांतमेर्ल २०१६ च्या सहा-सहा बाटल्यांच्या दोन पेट्या घेतल्या, "इन बॉन्ड". म्हणजे वाइन सरकारमान्य कोठारातच राहते आणि जोपर्यंत ती तिथून बाहेर काढत नाही तोपर्यंत ब्रिटनचा मद्यकर आणि २० टक्के व्हॅट लागत नाही. दोन पेट्या मिळून पावणेचारशे पौंड, आणि ठेवण्याचं भाडं पेटीमागे वर्षाला पंधरा पौंडांच्या आसपास.

इथे गुंतवणुकीबद्दल लिहायला हवं, कारण हे सगळं ऐकल्यावर प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. "काका, दुप्पट होते म्हणे?" मी त्यावर बरंच वाचलं आणि जावयांबरोबर बसून आकडेही मांडले. चांगल्या वाइनचा बाजार आहे, लंडनमध्ये लिव्ह-एक्स नावाचा विनिमय मंच २००० सालापासून चालतो. बोर्दोत तर वाइन पिंपात असतानाच विकायला काढतात. २०१६ ची अशी विक्री २०१७ च्या वसंतात-उन्हाळ्यात झाली आणि बाटल्या प्रत्यक्ष हातात आल्या २०१९ च्या सुमारास. पण भाव वर जातात तसे खालीही येतात. २०२२ च्या अखेरीपासून पुढची दोन वर्षं बाजार उतरतच होता, म्हणूनच आम्हाला सालाच्या मानाने बऱ्या भावात मिळाली. ज्यांची उलाढाल होते ती थोडकी मोठी नावं आहेत, पाचव्या श्रेणीतली पेटी विकायला काढली तर गिऱ्हाईक सावकाश येतं. भाडं, विमा आणि विकताना व्यापाऱ्याचा दहा टक्क्यांच्या आसपासचा वाटा वजा केला की साध्या पेटीत फारसं काही उरत नाही.

आणि आपल्यासाठी मुख्य मुद्दा असा की बाटली एकदा घरी आली की ती गुंतवणूक राहत नाही. एक तर महाराष्ट्रात परवानगीशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग ती एक बाटली का असेना. दुसरं, विकत घेणारा विचारतो की ही आजवर कुठे होती. कोठारातून कधीच न हललेल्या पेटीला भाव मिळतो, वरूडच्या उन्हाळ्यातून गेलेल्या पेटीला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आम्ही सरळ वाटणी केली. एक पेटी २०३७ पर्यंत कोठारातच राहील, ती नातीची. ती प्यायची की विकायची हे ती ठरवेल. दुसरी पेटी इकडे आणायची, पिण्यासाठी आणि जपण्यासाठी. ज्याला शेतीतून मिळालेले पैसे वाढवायचे आहेत त्याने वाइनच्या वाटेला जाऊ नये, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

सप्टेंबर-ऑक्टोबर फ्रिजमध्ये गेले. या भागात जरा रेंगाळतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. वाइनचे फ्रिज दोन तऱ्हेचे असतात. एक थर्मोइलेक्ट्रिक, ज्यात कॉम्प्रेसर नसतो. तो आवाज करत नाही, स्वस्त असतो, पण खोलीपेक्षा जेमतेम दहा-पंधरा अंश खाली जातो. खोली ३४ वर असेल तर आत १९ ते २४. आपल्याकडे तो निरुपयोगी. दुसरा कॉम्प्रेसरवाला, तोच घ्यायचा. त्यातही मागच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. एन म्हणजे खोली ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. आपल्याला किमान एसटी, शक्यतो टी.

मी ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या फ्रिजच्या जाहिरातीत "कॉम्प्रेसर" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. खोकं उघडून मागे पाहिलं तर खाली कॉम्प्रेसरचा काळा गोळाच नाही, फक्त पंखा आणि त्याच्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. फोटो काढले, परत पाठवला, आणि पैसे यायला दिवाळी उलटून गेली. दुसरा नागपूरच्या दुकानात जाऊन, मागची बाजू आणि स्टिकर डोळ्यांनी पाहून घेतला. २८ बाटल्यांचा, ४६ हजार रुपये. वर स्टॅबिलायझर साडेचार हजार. आमच्याकडे रब्बीत संध्याकाळी पंप सुरू झाले की गावठाण फीडरवरही व्होल्टेज १६०-१७० वर येतं, तेव्हा स्टॅबिलायझरवर पैसे वाचवू नका. वायरमन म्हणाला, "भाऊ, फ्रिज नंतर, पहिले अर्थिंग पाहू." पाहिलं तर अर्थिंग नावालाच होतं. मीठ-कोळशाचा नवा खड्डा केला, तीन हजार गेले, पण आता घरातल्या सगळ्याच उपकरणांना त्याचा उपयोग होतो.

फ्रिज माजघरात उत्तरेच्या भिंतीला लावला, भिंतीपासून वीतभर लांब, कारण मागून गरम हवा निघायला वाट लागते. कूलर समोरच्या कोपऱ्यात ठेवला, त्याच्या मोटरची थरथर फरशीतून बाटल्यांपर्यंत पोचू नये म्हणून. काचेच्या दाराला जाड कापड. आत खालच्या कप्प्यात पाण्याची उथळ वाटी, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात हवेतली ओल अगदीच कमी होते. बाटल्या आडव्या ठेवल्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. आणि रिकाम्या जागी पाण्याने भरलेल्या बाटल्या. याचं कारण पुढे येईल.

डिसेंबर २०२४ मध्ये लेक-जावई आले. कोठारातून एक पेटी काढताना त्यांनी तिकडचा मद्यकर आणि व्हॅट भरला. भारतात येणाऱ्या प्रवाशाला सामानात दोन लिटरपर्यंत मद्य बिनाशुल्क आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. म्हणून दोघांच्या मिळून चार बाटल्या आल्या, उरलेल्या दोन पुढच्या खेपेला. तीच वाइन रीतसर आयात केली असती तर तेव्हा सीमाशुल्कच १५० टक्के होतं. बाटल्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, कपड्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगांच्या मधोमध ठेवल्या होत्या. मुंबईहून नागपूरच्या विमानातही त्या बॅगा चेक-इनमध्येच दिल्या. या बाटल्यांवर आपल्या राज्याचं लेबल नसतं, म्हणून खरेदीची पावती आणि दोघांचे बोर्डिंग पास माझ्या परवान्याच्या फाइलला लावून ठेवले. कुणी विचारलं तर बाटली कुठून आली हे एका मिनिटात दाखवता येतं.

नागपूरहून गावी यायचा रस्ता मी आधीच ठरवला होता. अमरावतीचा मोठा महामार्ग सोयीचा, पण तो कारंजा घाडगे आणि तळेगाववरून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातून जातो. सेवाग्राम-पवनारचा तो जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा आहे. परवाना, पावती सगळं असलं तरी त्या जिल्ह्यातून बाटल्या न्यायच्याच नाहीत, असं मी ठरवलं होतं. ते कायद्यासाठीही आणि त्या मातीच्या मानासाठीही. काटोल, जलालखेडा करत वरूडला आलो. रस्ता जरा अरुंद, पण दोन्ही बाजूंनी आंबिया बहाराची तोडणी चाललेली, त्यामुळे नात खिडकीला नाक लावून बसली होती. गडचिरोलीही दारूबंदीचा जिल्हा आहे, तिकडच्या वाचकांना हा उद्योग मुळातच बंद आहे.

पहिला उन्हाळा २०२५ चा. एप्रिलअखेरपर्यंत फ्रिज १३ अंशांवर स्थिर. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळी पाऊस आला, खांब पडले, आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आलीच नाही. दार अजिबात उघडलं नाही, फ्रिजवर दोन वाकळी टाकल्या. लॉगरची नोंद सांगते की हवा २० अंशांपर्यंत चढली आणि वीज आल्यावर काही तासांत पुन्हा १३ वर आली. पाण्याने भरलेल्या बाटल्यांचा उपयोग इथे झाला. रिकाम्या फ्रिजमध्ये नुसती हवा झपाट्याने तापते, भरलेल्यात पाणी गारवा धरून ठेवतं. एका रात्रीच्या अशा चढ-उताराने वाइनचं काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन्महिने ३० च्या वर राहिल्याने. तेव्हा आतला द्रव फुगून बूच वर सरकतं, गळ्याशी चिकट डाग येतो, आणि चव शिजलेल्या मनुकांची होते. दर महिन्याला टॉर्चने प्रत्येक बाटलीचा गळा पाहतो. पातळी बुचाच्या तळाशी टेकलेली आहे, आवरण गुळगुळीत आहे, डाग नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये उरलेल्या दोन बाटल्या आल्या आणि आम्ही आधीच्या चारांतली एक उघडली. आदल्या दिवशी ती उभी करून ठेवली, गाळ असला तर तळाशी बसावा म्हणून. रात्री आठला जेवायचं होतं, साडेपाचला बूच काढलं. बूच खालून जांभळं, वरून कोरडं स्वच्छ. सुरुवातीला वास जवळजवळ नव्हताच. काचेच्या जगमध्ये सावकाश ओतली आणि तशीच ठेवली. "खोलीच्या तापमानाला प्या" हा सल्ला आपल्याकडे उन्हाळ्यात चालत नाही. १७-१८ अंश हवेत, आणि त्या थंडीत माजघर साधारण तेवढंच होतं.

आठला ग्लासात घेतली तेव्हा ती उलगडली होती. रंग गडद, काठाशीही अजून विटकरी झाक नाही. वासात पिकलं जांभूळ, देवदाराचं लाकूड, आणि मागे पावसाआधीच्या मातीचा हलका गंध. तोंडात आधी फळ, मग हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा, आणि तो ओसरताना एक स्वच्छ आंबटपणा, जो पुढचा घास मागतो. जेवायला लाकडावर भाजलेलं मटण होतं, नुसतं मीठ, लसूण आणि मिरी लावलेलं, आणि सोबत तुरीच्या सोल्यांचा भात. सावजी रस्सा मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवला, कारण तिखट आणि टॅनिन एकत्र आले की दोन्ही कडू होतात. भाजलेल्या मटणाच्या चरबीबरोबर तोच तुरटपणा मऊ पडला. लेक-जावई आणि मी, तिघांत एक बाटली, दोन तास पुरली. बायकोने वास घेतला आणि म्हणाली, "वास तं चांगला हाये, पन राहू द्या." आई आतल्या खोलीत नातीला गोष्ट सांगत होती.

माझं मत असं की २०१६ आत्ता पिता येते, पण तिची वेळ अजून आलेली नाही. तुरटपणा अजून फळाच्या पुढे उभा आहे. आणखी पाच वर्षांनी तो मागे सरकेल. म्हणून पुढची बाटली २०३० मध्ये उघडायचं ठरलं आहे, तोवर तीच थंडी, तोच अंधार. ज्यांना लगेच प्यायला हवी त्यांनी २०१६ घेऊ नये. बोर्दोचं अलीकडचं एखादं हलकं साल पाहावं, किंवा अकलूज-नाशिकची आणून मजेत प्यावी.

फ्रिजमध्ये आता पाच बाटल्या आहेत. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी आहे : कधी आली, कुणी आणली, कधी उघडायची. लॉगरची बॅटरी वर्षातून एकदा, मार्च उजाडायच्या आधी बदलतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्याही तेव्हाच. वरूड, मोर्शी, काटोल, अचलपूर भागातल्या कुणाला फ्रिजचा स्टिकर किंवा बँकेचा तो अर्ज वाचताना अडलं तर मला जरूर विचारा. माझ्या अर्जाची प्रत मी जपून ठेवली आहे, बघायला देईन.